पडद्यावरचा सिग्नल

"कोळसा कोणत्या बटणावर?" दाजींनी विचारलं.

"सी."

"पाणी?"

"डब्ल्यू. रेग्युलेटर उघडायला आर, बंद करायला एस. ब्रेक म्हणजे हा खालचा लांब पट्टा."

"आणि शिट्टी?"

"शिट्टी नाही."

दाजींनी मान वळवून माझ्या बहिणीकडे पाहिलं. "तुझ्या भावानं बिनशिट्टीचं इंजिन आणलंय."

"मग फाटकावरच्या म्हशी कशा हलायच्या?" ताई म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

ही सत्त्याऐंशी सालातल्या एका रविवारची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका मीटर गेज जंक्शनच्या रेल्वे कॉलनीत माझी बहीण प्रमिला आणि तिचे यजमान माणिकराव घोरबांड राहत. दाजी पॅसेंजर गाडीचे ड्रायव्हर होते, वाफेच्या इंजिनावर. मी औरंगाबादच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. आमच्या संपादकांचा भाचा इंग्लंडहून घरगुती कॉम्प्युटर घेऊन आला होता. शाळेतल्या पाटीएवढा, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडून चालवायचा. त्याच्यासोबत साध्या कॅसेटवर एक खेळ आला होता. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, बराच वेळ कर्कश आवाज ऐकत बसायचं, मग पडद्यावर वाफेच्या इंजिनाची केबिन उमटायची. मध्ये भट्टीचं दार, वर प्रेशरचं मोठं घड्याळ, बाजूला पाण्याची नळी, आणि वरच्या कोपऱ्यात खिडकीएवढ्या जागेत पुढचा रूळ. गाडी वेळेत शेवटच्या स्टेशनात न्यायची, एवढाच खेळ.

संपादकांनी कॉम्प्युटर माझ्या हवाली केला होता. "तुझे मेहुणे खरे ड्रायव्हर आहेत. त्यांना खेळायला बसव, फोटो काढ आणि रविवार पुरवणीला लिही," ते म्हणाले होते. त्यांना खेळापेक्षा दाजींमध्ये रस होता. आमच्या भागातली वाफेची इंजिनं जाऊन डिझेल येणार, हे नक्की झालं होतं. डिझेलच्या ट्रेनिंगला जाणाऱ्यांच्या यादीत दाजींचं नाव लागलं होतं. त्याआधी डॉक्टरी तपासणी. पास झाला तो डिझेलवर. नापास झाला तो इंजिनावरून कायमचा खाली, शेडमधल्या तेलाच्या खोलीत दिव्यांना तेल आणि हात पुसायला चिंध्या वाटत बसायचा. दाजी तपासणीची तारीख सारखी पुढे ढकलत होते. कधी लग्न, कधी पाठदुखी. मी त्याचा अर्थ लावून ठेवला होता. त्यांना वाफ सोडवत नव्हती. लेखाची सुरुवात मी बसमध्येच जुळवली होती.

"डिझेलवर जायचं नाही म्हणता?" मी विचारलं.

"त्यात चालवायचं काय? खुर्चीत बसायचं आणि दांडा फिरवायचा. पिठाच्या गिरणीवाल्यासारखं." ते पडद्याकडे वाकले. "हे सुरू कर."

पहिल्या खेळात त्यांनी एवढा कोळसा टाकला की प्रेशरचा काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला आणि वाफ फुकट उडू लागली. पडद्यावर ती पांढऱ्या ठिपक्यांची दिसे.

"आवाज नाही, धग नाही, मला कळणार कसं भट्टीत किती आहे ते?" दाजी म्हणाले.

"घड्याळ बघा ना."

"घड्याळ बघून कोण इंजिन चालवतं?"

"हा खेळ घड्याळ बघूनच चालतो."

दुसऱ्या खेपेला त्यांनी घड्याळ बघितलं. मग मात्र गाडी धावली. चढ आला तसा त्यांनी आधीच कोळसा वाढवला, उतारावर रेग्युलेटर बंद करून वाफ तोडली. पाण्याची नळी अर्ध्यावर ठेवली. मी खुर्ची मागे ओढून टिपणं घेऊ लागलो. मग गाडी एकदम थांबली, पडदा काळा झाला आणि इंग्रजीत वाक्य आलं.

"काय म्हणतोय?" दाजींनी विचारलं.

"तुम्ही सिग्नल तोडलात."

"कुठं होता सिग्नल?"

"वर, कोपऱ्यात. खांब येतो. त्याचा हात आडवा असला की थांबायचं, खाली झुकलेला असला की जायचं. तुमच्यासारखंच."

"कोपऱ्यात होय. मी घड्याळ बघत होतो. तूच म्हणालास घड्याळ बघ."

ते खरं होतं. मी खेळ पुन्हा लावला. या वेळी दाजींनी पहिला सिग्नल नीट घेतला, कारण तो खाली होता. दुसराही खाली होता, पण तिथं त्यांनी कचकन ब्रेक मारला. गाडी उघड्या माळावर उभी राहिली.

"का थांबलो आपण?" ताईनं विचारलं.

"चहा प्यायला," दाजी म्हणाले.

"उठा मग. दुसऱ्याला बसू द्या. मी तरी जाते पुढं."

"तू भाजी निवड. इंजिन म्हणजे तुझी शिलाई मशीन नाही."

"शिलाई मशीनवर मला टाका दिसतो तरी." ती सहज बोलली. बोलणं त्यांच्यात नेहमीच असं चाले.

तिसरा सिग्नल आडवा आला आणि दाजी त्याच्याखालून सरळ निघून गेले. मी टिपणात लिहिलं की यंत्रावरचा सिग्नल काडेपेटीतल्या काडीएवढा आहे आणि घरचा टीव्ही जुना आहे.

दुपार उतरता उतरता युनूसभाई आले. शेख युनूस हे दाजींचे फायरमन. भट्टीत कोळसा टाकायचा, पाणी बघायचं आणि ड्रायव्हरच्या डाव्या बाजूनं पुढे नजर ठेवायची, हे फायरमनचं काम. संध्याकाळच्या पॅसेंजरवर दोघांची ड्यूटी होती. युनूसभाईंचं घर शेडला लागून होतं, दाजींचं कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला. तरी ते रोज उलटं चालत येऊन दाजींना सोबत घेऊन जात. त्यांना शंटर म्हणून बढती मिळत होती. यार्डात इंजिन चालवायला मिळालं असतं आणि पुढे ड्रायव्हर झाले असते. त्यांनी ती नाकारली होती. कॉलनीत त्यांना त्यावरून चिडवत. फावड्याशी निकाह लागलाय, म्हणत.

"उस्ताद, हे काय लहान पोरांचं?" युनूसभाईंनी दारातच डबा खाली ठेवला.

"ये. तुझं फावडं सीवर आहे."

युनूसभाई डाव्या बाजूला बसले. एक बोट सीवर, एक डब्ल्यूवर. दाजींकडे रेग्युलेटर आणि ब्रेक. गाडी निघाली. मग कोपऱ्यात खांब उगवला आणि युनूसभाई खणखणीत आवाजात म्हणाले, "खाली."

"खाली," दाजी म्हणाले. गाडी पुढे गेली.

मी विचारलं, हे काय. युनूसभाईंनी पडद्यावरची नजर न काढता सांगितलं. इंजिनावर सिग्नल नुसता बघायचा नसतो, तो पुकारायचा असतो. ज्याला आधी दिसेल त्यानं मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं स्वतः बघून तेच परत म्हणायचं. दोघांचं जुळलं तर पुढं. रेल्वेच्या पुस्तकात त्याला इंग्रजी शब्द आहेत. या दोघांनी आपल्यापुरते खाली आणि आडवा केले होते.

"आडवा," युनूसभाई म्हणाले.

"आडवा." दाजींचा अंगठा ब्रेकवर गेला. गाडी खांबाच्या अलीकडे अलगद थांबली. सिग्नलचा हात खाली झुकला.

"खाली."

"खाली."

तो खेळ त्यांनी जिंकला. गाडी वेळेत पोहोचली, पडद्यावर अभिनंदनाची ओळ आली. ताईनं मेथीच्या काड्या सुपात गोळा करता करता विचारलं, "बक्षीस काय?"

"पुन्हा खेळायला मिळतं," मी म्हणालो.

"म्हणजे रेल्वेसारखंच," युनूसभाई म्हणाले. दाजी मनापासून हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

मला लेखाचा धागा सापडला होता. एकटा ड्रायव्हर हरतो, दोघं मिळून जिंकतात. वाफेचं इंजिन ही दोन माणसांची गोष्ट आहे आणि कॉम्प्युटरलाही ती चुकवता आली नाही, असं काहीतरी. पुरवणीला शोभेल असा मजकूर होता. फक्त फोटो हवा होता.

टीव्ही दिसावा म्हणून आम्ही पडदे ओढले होते. खोलीत उजेड कमी. फ्लॅश मारला तर टीव्हीचा पडदा पांढरा पडला असता. मी कॅमेरा स्टुलावर टेकवला आणि शटर सावकाश ठेवलं. अशा वेळी समोरचा हलला की चेहरा पुसट येतो.

"मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही," मी म्हणालो. "बोटं चालतील. मान नको. युनूसभाई, तोंडसुद्धा नाही."

"मग पुकारायचं कसं?"

"एवढा एक सिग्नल नका पुकारू."

युनूसभाईंनी दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "काढ तू फोटो."

गाडी निघाली. मी कॅमेऱ्याच्या भिंगातून बघत होतो. डावीकडे युनूसभाई, उजवीकडे दाजी, मध्ये पडद्याचा निळसर उजेड. कोपऱ्यात खांब आला. हात आडवा होता. दाजींचे डोळे उघडे होते आणि पडद्यावरच होते. अंगठा ब्रेकच्या पट्ट्यावर टेकलेला. खांब मोठा होत गेला. दाजी वाट बघत असल्यासारखे बसले होते. युनूसभाईंचे ओठ घट्ट मिटलेले. मग त्यांचा गुडघा हलला आणि दाजींच्या गुडघ्याला लागला. त्यानंतर दाजींनी ब्रेक दाबला. गाडी खांबाच्या पुढे जाऊन थांबली.

"फोटो बिघडला," मी म्हणालो. "युनूसभाई हलले."

युनूसभाईंनी गुडघा मागे घेतला.

आमच्या धंद्यात एकदा दिसलेली गोष्ट छापत नाहीत, दुसऱ्यांदा विचारतात. मी खेळ पुन्हा सुरू केला.

"पुरे आता. ड्यूटी आहे," दाजी म्हणाले.

"एकच."

या वेळी मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. खांब उगवला तेव्हा मी विचारलं, "दाजी, सिग्नल कसा आहे?"

युनूसभाईंनी तोंड उघडलं.

"तुम्ही नाही, युनूसभाई."

दाजींनी डोळे बारीक केले. मग ठामपणे म्हणाले, "खाली."

"आडवा आहे की," ताई म्हणाली. ती चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या मनात काही नव्हतं. दुपारभर बघून तिलाही खेळ कळला होता, एवढंच. "आडवा तर आहे. काय हो, तिथं, वर."

गाडी सिग्नलखालून गेली. पडदा काळा झाला. इंग्रजी वाक्य आलं आणि तसंच राहिलं.

ताईनं ट्रे जमिनीवर ठेवला. "तुम्हाला दिसत नाही?"

"लहान आहे तो."

"मला इथून दिसतो."

दाजी कॉम्प्युटरवरची धूळ बोटानं पुसू लागले. धूळ नव्हती.

"युनूस," ताई म्हणाली.

"वहिनी, रात्री दिवा बरा दिसतो उस्तादांना. दिवसा उन्हाच्या तिरपीत जरा…"

"किती दिवस?"

"गेल्या दिवाळीच्या आधीपासून."

ताई खाली बसली. नंतर मला कळलं की तिनं तेवढ्या वेळात मागचं सगळं वर्ष डोळ्यांपुढे आणलं. तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "म्हणून तू शंटर झाला नाहीस. आणि आम्ही सगळे तुला हसत होतो."

"हसणारे हसू द्या. मला फावडं आवडतं."

"खोटं बोलू नको."

दाजींनी मान वर केली. आवाज चढवला नाही. "हे बघ. माझा रस्ता मला पाठ आहे. कुठं चढ आहे, कुठल्या वळणावर गाडी मागं ओढते, सगळं पायाला कळतं. इंजिनाला डोळे लागतात ना, ते आहेत. कुणाच्या कपाळात आहेत, त्यानं काय फरक पडतो?"

"हा खाली वाकून कोळसा टाकत असला तर?"

"सिग्नल यायच्या आधी मी फावडं ठेवतो, वहिनी," युनूसभाई म्हणाले.

"आणि एखाद्या वेळी नाही ठेवलं?"

दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकदा झालं," दाजी म्हणाले.

"उस्ताद, कशाला आता."

"झालं. पावसाळ्यात. कोळसा ओला होता, वाफ धरत नव्हती, हा भट्टीतच डोकं घालून बसला होता. त्याची चूक नाही. इंजिन सिग्नलच्या पुढं गेलं. पुढं रूळ मोकळा होता."

"नसता तर?" ताईनं विचारलं.

बाहेर कुणीतरी हापशावर पाणी उपसत होतं. चहावर साय धरली.

"तपासणीला गेलो की संपलं," दाजी म्हणाले. "उद्यापासून तेलाची खोली. जाधव बसतो तिथं. त्याच्या हाताखाली मी चार वर्षं फायरमन होतो. आता इंजिनावर जाताना त्याच्या खिडकीपुढून जावं लागतं, तेव्हा मी मान वळवतो. उगाच बोलावं लागेल म्हणून. माझ्या खिडकीपुढूनही पोरं तशीच जातील."

ताई म्हणाली, "आजच्या गाडीनं वरच्या आळीतली शकू जाणार आहे. बाळंतपणाला माहेरी. मीच सांगितलं तिला, आमचे हे घेऊन जातील, काळजी करू नको."

दाजी माझ्याकडे वळले. "पत्रकार, हे छापणार?"

"लेख गुरुवारी द्यायचा आहे," मी म्हणालो.

"मी ते विचारलं नाही."

"माहीत आहे."

खरं म्हणजे त्या क्षणी काय छापीन हे मलाही ठाऊक नव्हतं.

सायकलची घंटी वाजली. गंगाधर कॉलमन आला होता. ड्यूटीच्या आधी ड्रायव्हर आणि फायरमनच्या घरी जायचं, गाडी सांगायची आणि कॉलच्या वहीवर सही घ्यायची, हे त्याचं काम. सही झाली की तो माणूस गाडीला बांधला गेला. गंगाधर चप्पल न काढता उंबऱ्याशी उभा राहिला. युनूसभाई इथं भेटणार हे त्याला माहीत होतं.

"संध्याकाळची पॅसेंजर, उस्ताद. गाडी वेळेवर आहे. अरे वा, कॉम्प्युटर? आम्हाला दाखवा की."

त्यानं वही उघडली आणि कानावरचं पेन काढून पुढे केलं. दाजी उठले. पेन घेतलं, वही घेतली आणि दारातल्या उजेडाकडे धरली. युनूसभाईही उठून त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहिले. ताई जागची हलली नाही.

"आजारी लिही," दाजी म्हणाले.

"कोण?"

"मी."

गंगाधर हसला. मग त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. "काय होतंय?"

"डोळे."

"डोळे आलेत?"

"दिसत नाही."

गंगाधरनं आवाज खाली आणला. कॉलनीतला जुना माणूस होता तो. "उस्ताद, असं लिहिलं तर उद्या सकाळी डॉक्टरपुढं उभं करतील. मग परत इंजिन नाही. मी ताप लिहितो. दोन दिवस पडून राहा, तिसऱ्या दिवशी या. कोण बघतंय?"

दाजींनी हातातलं पेन फिरवलं. मला वाटलं, ते ताप लिहू देतील. युनूसभाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं नजर खाली वळवली नाही.

"ताप नाही मला," दाजी म्हणाले.

"उस्ताद, एकदा विचार करा. वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"तिला कामून विचारतो? आजारी मी आहे. डोळे लिही."

गंगाधरनं वही आणि पेन परत घेतलं, वही भिंतीला टेकवून एक शब्द लिहिला आणि दोन्ही पुढे केलं. दाजींनी पेन धरलं. ते कागदावर टेकायच्या आधी थांबले.

"कुठं?"

युनूसभाईंनी ओळीच्या टोकाला बोट ठेवलं. दाजींनी बोटाला लागून सही केली. खालच्या ओळीत युनूसभाईंनी आपली केली. त्यांना जावंच लागणार होतं, गाडी निघणार होती. दुसरा ड्रायव्हर बघतो, गंगाधर म्हणाला, आणि सायकल वळवून लगबगीनं निघून गेला. त्याला आता आणखी एका घरी जायचं होतं.

युनूसभाईंनी डबा उचलला. काहीतरी बोलायला हवं म्हणून थांबले, पण ताईनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला. त्यांनी तो उभ्यानंच, थंड झालेला, एका दमात संपवला.

"येतो, उस्ताद."

दाजी पायरीपर्यंत गेले. "आज तुला बहुतेक नवा पोरगा देतील."

"कुणी का असेना."

"पुकारशील तेव्हा तोही पुकारेल. सगळेच पुकारतात." दाजींनी दाराची कडी धरली होती. "तो बघून बोलतो की नुसताच बोलतो, तेवढं बघ."